पांढुरका बंपर

“तो कोपरा राहिला, चैतू,” मोहनआजोबा म्हणाले.

राहिला नव्हता. चैत्रालीनं तो मुद्दाम ठेवला होता. आजोबांचे डोळे आता साथ देत नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांनी आपलं जपानी लायसन्स पोलिसांकडे परत केलं होतं. आज चार वाजता गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार होती. बंपर पांढुरका दिसला तर कदाचित कुणी घेणार नाही, असा तिचा डाव होता.

गाडी इथल्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी घेतलेली. जन्मल्यावर चैत्राली दवाखान्यातून इचिकावाच्या घरी आली, ती हिच्यातूनच.

“खोबरेल चोळूया की,” ती म्हणाली.

“मागे तुझ्या आजीनं चोळलं होतं. दोन दिवस चमकलं, मग सगळ्या इचिकावाची धूळ येऊन बसली!”

“ऐकू येतंय मला!” कुमुदिनीआजी गॅलरीतून ओरडली. “आरशांच्या मागचंही पुसा.”

आजी हल्ली दर शनिवारी फुलं रचायच्या वर्गाला जायची. घरात फूल मात्र एकही दिसत नव्हतं. आज वर्ग नव्हता, म्हणून सगळं लक्ष खाली.

आजोबांनी कडेच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावली. “आता टूथब्रशनं खाचांतलं जुनं मेण काढ. धू. पूर्ण वाळू दे. ओल्यावर प्लॅस्टिक काळं करायचं औषध लावलंस तर डाग पडतात.”

चैत्रालीनं स्पंजवर अगदी थोडं औषध घेतलं आणि फिरवलं. राखाडी प्लॅस्टिक डोळ्यांदेखत काळंभोर झालं.

“सुगोई! कसलं भारी!” ती किंचाळली. डाव कुठल्या कुठे गेला. राहिलेला कोपराही तिनंच जीव लावून घासला.

“शाब्बास! नवीन गाडी लाजेल.”

मग तिनं स्पंज खाली ठेवला. “आजोबा, तो माणूस चांगला आहे ना?”

“फार चिकित्सक आहे. चालवायला मात्र नवखा.”

“म्हणजे वाकाबा लावणार?” नवशिक्यांच्या गाडीवरचं ते हिरवं-पिवळं पान तिनं खूपदा पाहिलं होतं.

“लावावंच लागतं. चुंबकाचं असतं, प्लॅस्टिकवर बसत नाही. बॉनेट पुसून ठेव.”

तिनं पुसलं. डोळे भरून आले, तरी लखलखीत पुसलं.

चार वाजले. जिन्यावर पावलं वाजली. चैत्रालीनं मान वर केलीच नाही. कुणीतरी बंपरवरून बोट फिरवलं, बोट निरखून पाहिलं.

“या वेळी तेलकट नाही हं,” असं म्हणत कुमुदिनीआजीनं बॉनेटवर टप्पकन पान बसवलं आणि आजोबांपुढे किल्लीसाठी हात पसरला.