तांबड्या दिव्याचा शेक

"बाई, दिवा भाजून राह्यला," कुंताबाई पालथ्या पडल्या पडल्याच तिसऱ्यांदा म्हणाल्या.

शेक देणाऱ्या प्रमिलाबाईंनी दिव्याखाली आपला हात धरून पाहिला. कोमट तर आहे, उगाच लाड नकोत, असं सुनावून त्यांनी दिवा होता तिथेच ठेवला.

कुंताबाईंचा उजवा खांदा आखडून तीन महिने झाले होते. भाजीचं टोपलं डोक्यावर चढत नव्हतं. नवऱ्याला, बंडूजींना, बाजारात बसवून पाहिलं, तर त्यांनी अर्धी वांगी ओळखीपाळखीतच वाटून टाकली. तेव्हा खांदा बरा करायचाच, या जिद्दीनं कुंताबाई तळेगावहून एसटीनं रोज आर्वीच्या या खासगी दवाखान्यात येत होत्या.

नवव्या दिवशी पाठीवर फोड उठला. मला कोमट लागतं आणि तुम्हाला फोड येतो, म्हणजे तुमच्या कातडीतच काहीतरी आहे, प्रमिलाबाई म्हणाल्या. आधी तपासणी, मग शेक. गरम-गार ओळखू न येणाऱ्याला दिवा द्यायचा नाही, महारोगाच्या दवाखान्यात पाठवायचं, असा तिथला नियम होता. यंदा बाईंनी दोघांना पाठवलं होतं. त्या दोघांच्या घरचं पाणीही आता गावात कोणी पीत नव्हतं.

कुंताबाईंना बाजार आठवला. मग आपल्या हातची वांगी कोण घेणार? पण त्या उठून गेल्या नाहीत.

"घ्या परीक्षा," त्या म्हणाल्या. "डोये बांधा पाह्यजे तं."

काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पाठीला, खांद्याला, हातांना, वीस वेळा नळी लावली. कुंताबाईंनी वीसही वेळा बरोबर सांगितलं.

प्रमिलाबाई ओशाळल्या. फोडाला मलम लावून तो भाग त्यांनी झाकला, कुंताबाईंना स्टुलावर बसवलं आणि दिवा जरा लांब करून खांद्यावर सोडला. टोपलं उचलल्याशिवाय आता मी तुम्हाला सोडत नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा कुंताबाईंना इतकं हायसं वाटलं, की डोळेच भरून आले.

दिव्याच्या तापलेल्या पत्र्यावर हात टेकून प्रमिलाबाई नवा व्यायाम समजावू लागल्या. बोटं भिंतीवर चढवत न्यायची, रोज थोडी आणखी वर.

करपल्याचा वास आला. कुंताबाईंनी दचकून डाव्या हातानं आपला खांदा चाचपला. खांदा ठीक होता. मग त्यांनी वर पाहिलं.

"बाई, हात काढा तुमचा."

"का बरं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. हात तिथेच होता.