चुकलेलं साल

"ताई, तू चुकीचं उत्तर सांगितलंस, तरी मी तेच लिहायचं?"

"हिंमत असेल तर विचार," असं मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून अकरावीतल्या स्वरदानं थेट गौतमीताईलाच विचारलं. कॉलेजातलं मुलींचं सखी मंडळ वर्षभर रक्तदान शिबिरं भरवायचं, अभ्यासवर्ग घ्यायचं आणि अंध मुलींचे पेपर लिहून द्यायचं. बारावीतल्या गौतमीताईचे पेपर यंदा स्वरदाकडे होते.

"तेच लिहायचं, बयो," ताई हसली. "चुकले तर मी चुकले."

पूर्वपरीक्षेत इतिहासाच्या पेपरात ताईनं एक साल चुकीचं सांगितलं. स्वरदाला राहवेना, तिनं गुपचूप बरोबर साल लिहून टाकलं. पुढे सरांनी ते उत्तर कौतुकानं वर्गात वाचून दाखवलं आणि ताईचा चेहराच पडला.

"मी हे साल सांगितलंच नव्हतं. आता बाकीचे मार्क तरी माझे आहेत का गं?"

 त्याच पावली स्वरदानं सरांना गाठलं, सगळं सांगितलं आणि तो मार्क कापायला लावला.  तिसऱ्या दिवशी ताई एवढंच म्हणाली, "बोर्डाचा इतिहास एकवीसला आहे. येशील?"

एकवीसला तर मामाचं लग्न! घरी आई स्वरदाच्या नव्या घागऱ्याला नाडी ओवत होती, बाबा फोनवर गाडी ठरवत होते. स्वरदा दारातूनच बोलली,

"आई, बाबा, मी लग्नाला येणार नाही. त्या दिवशी मला ताईचा पेपर लिहायचाय. ती सांगेल तस्साच."