उष्टी हळद

शार्दूलच्या अंगाची उष्टी हळद मृण्मयीच्या गालाला लागली आणि थोड्याच वेळात तिथे लालभडक गांधी उठल्या. घरात कुणालाच काही कळेना. सगळ्यांना जन्मतःच साखरलस मिळू लागल्यापासून ॲलर्जी कुणी पाहिलीच नव्हती.

"अगं, पित्त उठलंय!" असं म्हणत म्हातारी आत्या आमसुलाचं पाणी करायला धावली.

शेजारची डॉक्टर इंगळे तरुण होती. तिनेही गांधी फक्त चित्रात पाहिल्या होत्या. तिने हळद यंत्रावर तपासली, मग पुन्हा तपासली.

"हळदीत काही दोष नाही," ती गोंधळून म्हणाली. "लसीतलं प्रथिन अन्नातली ॲलर्जी आणणारी साखर धरून ठेवतं. पण आपल्या पेशींवरही साखरेचा थर असतो, प्रत्येकाचा थोडा वेगळा. हिच्या प्रथिनाने हळदीतून आलेली नवरदेवाच्या त्वचेची साखर धरलीय, आणि शरीर बिथरलंय."

"म्हणजे मला शार्दूलची ॲलर्जी आहे?" मृण्मयीने विचारलं.

"अहो, उद्या लग्न आहे!" आई रडकुंडीला आली. "यावर औषध काय?"

"पूर्वी ज्यांना शेंगदाणे सोसत नसत, त्यांना रोज शेंगदाण्याचा कण देत. हळूहळू वाढवत नेत. मग शरीराला सवय व्हायची."

"मग हिलाही द्या की! कशाचा कण द्यायचा?"

डॉक्टर ओशाळली. "नवऱ्याचा."

हसावं की रडावं, मृण्मयीला कळेना. आमसुलाचं पाणी घेऊन आलेली आत्या दारातच थबकली.

"मला बारा वर्षं लागली," ती म्हणाली.