किनाऱ्यावरचा ठिपका

बायको गेल्यावर, दोघांनी ठरवलेल्या सहलीला तो एकटाच जाऊन आला. त्याने काढलेला एखादा फोटो कुठेतरी छापून यावा, ही तिची हौस. स्वतःचा मात्र ती काढू द्यायची नाही. "माझा नको हं," म्हणत तळहात आडवा धरायची.

निदान एक तरी फोटो विकला जावा म्हणून तो रोज कॉम्प्युटरसमोर बसून वाकडं क्षितिज सरळ करायचा, डाग पुसायचा. जीव अगदी आंबून जायचा.

किनाऱ्याच्या फोटोंत पाण्याजवळ एक काळा ठिपका होता.

"कॅमेऱ्यातली धूळ असेल, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "ती सगळ्या फोटोंत एकाच जागी दिसते. पुसा आणि मोकळे व्हा. आई असती तर म्हणाली असती, एका ठिपक्याचा केवढा कीस पाडता!"

पण ठिपका एकाच जागी नव्हता. प्रत्येक पुढच्या फोटोत तो जरा मोठा होता, जरा अलीकडे. तरी त्याने सगळे ठिपके पुसले आणि फोटो मुलीकडे पाठवले. तिने ते फोटो विकणाऱ्या एका कंपनीला दिले.

शेवटचा फोटो परत आला.

"ओळखू येणारी बाई आहे म्हणतात, तिची परवानगी हवी," मुलगी हसली. "कोण हो बाई, बाबा? मला तर कोणी दिसत नाही."

"तिथं चिटपाखरूही नव्हतं गं."

त्याने फोटो उघडला. ती अगदी जवळ उभी होती. तळहात आडवा नव्हता. थकून बसलेल्याला उठवायला हात पुढे करतात, तसा तो त्याच्याकडे पुढे केलेला होता.