बांबूची पिन

तिसऱ्याच दिवशी पिन तुटली.

कॅनडाहून फोन आला तेव्हा नागभीडला सकाळचे सात वाजले होते आणि तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पडद्यावर आठ वर्षांची नात उमेरा. नाक लालबुंद, डोक्यावर कानटोपी, मागे गुडघाभर बर्फ.

"नाना, तुमचं मशीन बंद पडलं!"

शमसुन्निसाबाईंनी, म्हणजे नानींनी, हातातला चहा खाली ठेवला. कय्यूमभाईंनी केलेली वस्तू बंद पडली, हे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं. राइस मिलच्या मोटारी, मळणीयंत्रं, पंप, कूलर. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातून गेलेली वस्तू परत येत नसे. "यांचं गिऱ्हाईक पुन्हा येत नाई, काऊन का बिघडतच नाई," असं बाई साऱ्या मोहल्ल्यात सांगत. त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आणि आता भरल्या घरात नाक कापलं गेलं. तेही सातासमुद्रापार.

यंत्र होतं बर्फ उडवायचं. वीतभर लांब, उमेराच्या रिमोटच्या गाडीला पुढून जोडायचं. त्याआधी ही पोरगी फोनवर टिकायचीच नाही. "सलाम नाना, सलाम नानी," की पळाली. मग पडद्यावर नुसतं छत दिसायचं आणि लेक आफ्रीनचा आवाज, "उमेरा, नानांशी बोल ना!" कय्यूमभाईंना ते फार लागायचं. उगाच फोनची काच सदऱ्याला पुसत बसायचे.

नोव्हेंबरात एकदा ती पळता पळता म्हणाली, "नाना, माझी गाडी बर्फात अडकते." कितीतरी महिन्यांत नानांच्या वाट्याला आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"थांब," कय्यूमभाई म्हणाले, "मी बर्फ उडवायचं मशीन बनवतो."

बर्फ त्यांनी पाहिला होता तो गोळ्याच्या गाडीवर आणि मासळीवालीच्या पेटीत. समोरच्या टपरीवरचे भैयाजी म्हणाले, "कय्यूमभाई, आपल्या इथी घाम उडवायचं मशीन बनवा. लाइन लागंल."

कय्यूमभाईंनी मनावर घेतलं नाही. डब्याचा पत्रा कापून चकलीसारखा वळवला. तो फिरला की बर्फ मधोमध ओढणार, मागचा पंखा तो वाकड्या नळीतून दूर फेकणार. पहिली चाचणी धानाच्या भुशावर झाली. अंगण, कोंबड्या आणि भैयाजींचा चहा एका रंगाचे झाले. दुसरी मासळीवालीकडच्या बर्फावर. बाईंच्या वाळत घातलेल्या ओढणीला आठवडाभर मासळीचा वास येत होता.

मग पिनेचा नाद लागला. मोटर आणि चकली यांना जोडणारी काडीएवढी पिन. तिच्यासाठी त्यांनी बाईंच्या चांगल्या सुपाच्या कामट्या काढल्या. जाड, बारीक, मध्यम अशा पिना खिडकीत ओळीनं मांडल्या. एकेक बसवायची, यंत्र चालवायचं, तुटली की मान डोलवायची. बाईंना वाटलं, मजबूत पिन शोधून राह्यले.

बहिणीच्या लग्नाला चंद्रपूरला आलेला जावई तौसीफ यंत्र न्यायला आला. स्वतः इंजिनियर. "अब्बा, पिन बांबूची काऊन?"

"धानात गोटा आला तर मिलची पिनच आधी तुटते अन् गिअर वाचते. इथीही तसंच." मग आगपेटी भरून पिना देत म्हणाले, "अन् पिन पोरीच्याच हातानं बसवायची. तुझ्या जाड बोटानं नाई बसत."

तौसीफला पटलं. इंजिनियरला पटेल असंच ते होतं.

तर, यंत्र कॅनडात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पिन तुटली. बाईंना वाटलं, आता हे चिडतील. कय्यूमभाईंनी स्टूल ओढलं, चष्मा लावला. "तुटली? दाखव. आधी तुकडा बाहेर काढ बेटा. सुई आण." चाळीस मिनिटं. मधेच उमेरानं विचारलं की ही काडी कशाची आहे, तर नानींना सूप आणून दाखवावं लागलं, पाखडूनही दाखवावं लागलं. पोरगी खदखदून हसली.

दोन दिवसांनी पुन्हा तुटली. मग पुन्हा. जानेवारीत सलाम-दुवा राहिली बाजूला, फोन उचलला की थेट, "नाना, पिन तुटली!" एकदा तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सारखी काऊन तुटते जी?" मागे आफ्रीन हसून हसून बेजार. आगपेटी संपत आली तशी कय्यूमभाईंनी उरलेलं सूपही मोडलं आणि नव्या पिना पार्सलनं पाठवल्या.

बाईंना मात्र लाज वाटत होती. मोहल्ल्यात त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एवढा हाताचा कारागीर, आणि नातीसाठी बनवलेलीच वस्तू दर दोन दिवसांनी बंद?

एका सकाळी फोन संपला. टेप शोधायला बाईंनी दुकानातला खण उघडला. आत कापडात गुंडाळलेली एक पिन होती. पोलादाची, घासून चकचकीत केलेली, मापाला बांबूच्या पिनेएवढीच.

"अजी, ही कुठची?"

"त्याच मशीनची. पयली बनवली होती."

"बसत नव्हती का?"

"मस्त बसत होती. महिनाभर चालवून पाह्यली, तुटलीच नाई."

"मंग माह्या सुपाचं वाटोळं काऊन केलं?"

कय्यूमभाईंनी फोनची काच सदऱ्याला पुसली.

"ही बसवली असती, तर मशीन चालत राह्यलं असतं," ते म्हणाले, "अन् फोन बंद पडला असता."