एक पडदा, एक माणूस

जवळ या मंडळी, जरा सरकून बसा. वाघोळीतल्या एका संध्याकाळची गोष्ट ऐका.

देवळात कीर्तन ऐन रंगात आलं होतं. तेवढ्यात सरपंच इंदुताई धावत आल्या.

"बुवा, थांबा! नदीचा पाणीमापक आत्ता दिवेलागणीला बंद होतोय. त्यावरचा भोंगाही."

"का म्हणून?"

"लोक जी माहिती उघडून बघत नाहीत, तिच्यावर सरकार आता खर्च करत नाही ना. आपल्या गावातून नदीचे आकडे रोज एकच माणूस बघतो म्हणे."

"एकच? अहो, कीर्तनाआधी अख्खा गाव बघतो की इथं, देवळातल्या पडद्यावर!"

"पडदा एक, म्हणून माणूस एक धरला त्यांनी."

बुवांच्या चिपळ्या थांबल्या. वरच्या धरणाचे दरवाजे दुपारीच उघडले होते. खाली लांब नदीपात्रात बिरू धनगर बायको-लेकरासह मेंढ्या बसवून होता. त्याचा फोन लागत नव्हता. त्याला सावध करणार तो फक्त भोंगा.

"फोन काढा सगळ्यांनी! नदीचे आकडे उघडा, बघणारे वाढू देत!" बुवा ओरडले.

पण कीर्तनाला फोन आणायचा नाही, हा वाघोळीचा नेम. माणसं घराकडे पळत सुटली. तोवर मापक बंद पडला. घरोघरी एकेक फोन उघडत गेला, तसा बघणाऱ्यांचा आकडा वाढला, मापक पुन्हा सुरू झाला आणि भोंगा वाजला. पण पाणी पात्रात शिरलं होतं.

बिरूनं बायको-लेकराला काठावर चढवलं. मग कोकरांसाठी तो परत खाली उतरला, तो पुन्हा वर आलाच नाही.

तुमच्या गावच्या नदीचे आकडे तुम्ही आपल्या हातानं उघडून बघाल, मंडळी, तेव्हा बिरूचं नाव एकदा घ्या.