चिमुकली कात्री

सेमारांगच्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात कुणाला दिवस गेल्याचं कळलं, की तिचं कंत्राट संपलंच. मला दुसरा महिना होता. ओकाऱ्या मी पित्तावर ढकलत होते. पण पोटुशीला भूतबाधा होऊ नये म्हणून आमच्याकडे लावतात तशी चिमुकली कात्री सासूबाईंनी माझ्या कुडत्याला आतून पिनेनं टाचली होती. आज मशीनवर वाकले आणि ती नेमकी सुपरवायझर हर्तातीबाईंच्या पायाशी पडली.

"कुणाची गं ही?"

"बाई, ती... धागे कापायची..."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि कात्री झटकन माझ्या मुठीत कोंबली. त्यांचा हात माझ्याहून गार पडला होता.



"एका पिनेनं टिकते होय, वेडे? माझ्यासारख्या दोन लावत जा."